विद्यापीठाच्या पगारपत्रकावर कोण?

लंडन : पहाटे साडेचार-पाचच्या सुमाराला पूर्व आणि दक्षिण लंडनहून मध्यवस्तीकडे जाणाऱ्या बसगाड्यांत सफाई कामगारांची गर्दी असते. कोणी घाना-नायजेरियातून आलेले, कोणी कोलंबिया-इक्वेडोरमधून. प्राध्यापक आणि विद्यार्थी येण्याआधी वर्ग, जिने, शौचालये लख्ख करून ही माणसे परतीची बस धरतात.

इथली विद्यापीठे आपल्या अहवालांत संयुक्त राष्ट्रांच्या आठव्या उद्दिष्टाचा उल्लेख अगत्याने करतात. प्रत्येकाला सन्मानाचे काम आणि सगळ्यांना सामावून घेणारी आर्थिक वाढ, असे ते उद्दिष्ट. त्याखाली नवउद्योगांना दिलेली जागा, कंपन्यांशी झालेले करार, नोकरीला लागलेले पदवीधर यांची माहिती येते. हे सगळे मोलाचेच आहे. पण या शहरातल्या विद्यापीठांनी सन्मानाच्या कामासाठी जे सर्वांत मोठे पाऊल उचलले ते स्वतःच्या आवारात, आणि तेही सफाई कामगारांनी त्यांना उचलायला लावले.

ब्रिटनमध्ये सार्वजनिक संस्थांची सफाई, पहारा, खानावळ ठेक्याने देण्याची पद्धत १९८०च्या दशकात, मार्गारेट थॅचर यांच्या राजवटीत फोफावली. सफाईच्या ठेक्यात यंत्रे आणि साबणावर थोडा पैसा जातो, बाकी खर्च जवळजवळ सगळा पगाराचा. त्यामुळे सर्वांत कमी दराची निविदा म्हणजे बहुधा सर्वांत कमी पगार आणि त्याच वेळेत जास्त मजले. एकाच इमारतीत दोन जाती तयार झाल्या. विद्यापीठाच्या नोकराला आजारपणाचा पगार, निवृत्तिवेतन, भरपूर रजा. ठेक्यावरच्याला कायद्याने दिले तेवढेच.

याविरुद्धची चळवळ विद्यापीठात सुरू झाली नाही. पूर्व लंडनमधली चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना ‘टेल्को’ नावाच्या आघाडीत एकत्र आल्या होत्या. त्यांनी २००१मध्ये ‘लिव्हिंग वेज’ची, म्हणजे घरभाडे, किराणा, बसभाडे, मुलांचा खर्च यांचा हिशेब मांडून ठरवलेल्या जगण्यापुरत्या वेतनाची मागणी पुढे आणली. पुढे २०१६मध्ये सरकारने आपल्या किमान वेतनालाच ‘नॅशनल लिव्हिंग वेज’ असे नाव देऊन गोंधळ केला, पण आकडे वेगळेच राहिले. ऑक्टोबर २०२४मध्ये चळवळीने लंडनसाठी ताशी १३.८५ पौंड हा दर जाहीर केला. एप्रिल २०२५पासूनचा सरकारी दर होता १२.२१ पौंड. चळवळीचा दर देणे कायद्याने बंधनकारक नाही. मालकाने तो स्वेच्छेने स्वीकारायचा असतो.

त्याच पूर्व लंडनमधल्या क्वीन मेरी विद्यापीठाने २००६मध्ये चळवळीचा त्या वेळचा दर मान्य केला. २००८मध्ये ठेका संपवून सफाई कामगारांना थेट आपल्या सेवेत घेतले. तिथल्या भूगोलाच्या प्राध्यापक जेन विल्स यांनी या बदलाचा अभ्यास केला आणि २००९मध्ये तो प्रसिद्ध झाला. काम सुधारले, कामगारांचे समाधान वाढले, आणि खर्चात फारच थोडी भर पडली. विद्यापीठाचे खरे बळ मला इथे दिसते. पगारवाढीला ‘परवडत नाही’ अशी जी हरकत घेतली जाते, ती तपासून पाहण्याची साधने त्याच्याच घरात असतात.

सगळीकडे हे इतके सरळ झाले नाही. विकासाचे अर्थशास्त्र आणि मानवी हक्क शिकवणाऱ्या ‘सोआस’ या लंडनमधल्याच संस्थेत सफाई कामगारांनी २००८मध्ये वाढीव वेतन आणि संघटनेची मान्यता मिळवली. पुढच्याच वर्षी, जून २००९मध्ये, ठेकेदाराने त्यांना पहाटे बैठकीला बोलावले. तिथे स्थलांतर खात्याचे अधिकारी आधीच येऊन थांबले होते. नऊ जणांना ताब्यात घेतले गेले आणि बहुतेकांना देशाबाहेर धाडण्यात आले. संतापलेल्या विद्यार्थ्यांनी संचालकांच्या दालनाचा ताबा घेतला. कामगार विद्यापीठाच्या पगारपत्रकावर आले ते थेट २०१८मध्ये. मधली वर्षे स्पॅनिश बोलणाऱ्या बायका-पुरुषांनी, काही प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या साथीने, नेटाने काढली.

त्याच सुमाराला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सफाई कामगारांचे संप झाले आणि २०१७मध्ये तिथल्या प्रशासनाने त्यांना थेट सेवेत घेण्याची मागणी मान्य केली. कायद्याने २८ दिवस रजा मिळणाऱ्यांना विद्यापीठाच्या इतर नोकरांसारखी ४१ दिवस मिळणार होती. या संस्थेचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. ती १८९५मध्ये स्थापन करणाऱ्यांपैकी बिअॅट्रिस वेब यांनी तरुणपणी पूर्व लंडनच्या शिवणकामाच्या कारखान्यांत स्वतः मजुरी करून तिथली पिळवणूक लिहून काढली होती. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथूनच १९२३मध्ये डी.एस्सी. पदवी घेतली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कारखान्यांतला कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी सुधारणा १९४६मध्ये पुढे नेली. अशा संस्थेत सफाई कामगारांना आजारपणाच्या पगारासाठी संप करावा लागला, याचे मला फार वाईट वाटले. आणि तो संप जिंकला गेला याचा तितकाच आनंद झाला.

अजून बरेच बाकी आहे. सध्या ब्रिटिश विद्यापीठे पैशांच्या अडचणीत आहेत, विभाग बंद होत आहेत, आणि तरुण प्राध्यापक मुदतीच्या किंवा तासांच्या कंत्राटांवर वर्षे काढत आहेत. ठेका संपवला की काम संपले असे नाही. पण कात्री सर्वांत आधी तळच्या माणसाला लावायची नाही, एवढे तरी काही विद्यापीठांनी कबूल केले आहे.

महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक आणि कंत्राटी सफाई कामगार यांच्याशिवाय महाविद्यालय चालत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून २०१७मध्ये मिळाला. विद्यापीठांनी न्यायालयाची वाट पाहू नये. आपल्या विद्यापीठांच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. पुढच्या निवडणुकीत उमेदवार मत मागायला दारी आला, की त्याला एवढेच विचारा : आपल्या विद्यापीठातली झाडलोट कोण करतो, त्याला महिन्याला किती मिळते, आणि तो आजारी पडला तर पगार कोण देतो?