घरातील ज्येष्ठांच्या वाट्याचे पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावे लागले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मांजरा धरण आटले होते आणि पाण्यावरून तंटे होऊ नयेत म्हणून शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती. शहराचे नळ, कारखाने आणि उसाचे फड एकाच साठ्यावर हक्क सांगू लागले, की असा प्रसंग ओढवतो. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला मान आहे. तो धरणापाशी राखला जातो की नाही, हा वादाचा विषय. घरात मात्र त्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

घरातली वाटणी मुकाट्याने होते. टँकर चार दिवसांनी येणार, सून रांगेत ताटकळणार, दावणीला जनावरे आहेत, नातवंडे लहान आहेत, हे सारे आजी पाहत असते. मग ती आपला पेला आपणहून अर्धा करते. तिला कोणी सांगितलेले नसते. उन्हाळ्यात दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांना पाण्याविषयी विचारले, की ‘तहानच लागत नाही’ हे उत्तर हमखास मिळते. ते खरे असते, आणि अडचण तीच आहे.

तरुण शरीरात साधारण साठ टक्के पाणी असते. उतारवयात ते पन्नास टक्क्यांच्या आसपास येते. तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्तीही घटते. गुडघे दुखत असतील आणि शौचालय अंगणापलीकडे असेल, तर रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासूनच पाणी टाळले जाते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली, तर दोन दिवसांतच चक्कर, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा तोल जाऊन पडणे, यांपैकी काहीतरी उद्भवू शकते. एकाएकी असंबद्ध बोलू लागलेल्या आजोबांना ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. आधी जीभ कोरडी आहे का आणि लघवी गडद झाली आहे का, ते पाहावे. चिमटीत कातडी धरून पाहण्याची रीत म्हातारपणी फसवी ठरते.

थोडा हिशेब करू. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला हंगामभरात सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. जलजीवन मोहिमेचे ग्रामीण उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटरचे आहे. त्यातले पिण्याचे पाणी जेमतेम दीड ते दोन लिटर. काटकसर करायचीच असेल, तर ती या दीड लिटरमधून मुळीच करू नये.

यासाठी सकाळीच ज्येष्ठांचे पाणी गाळून, उकळून वेगळ्या भांड्यात काढून ठेवावे आणि ते संध्याकाळपर्यंत संपले का, हे पाहावे. बराचसा भाग दुपारपूर्वीच द्यावा. रात्रीची भीती मग उरत नाही. पातळ ताक, पेज, वरणाचे पाणी हेही त्यात मोजावे, पण ताकात मीठ बेताचेच. उकळल्याने जंतू मरतात. कूपनलिकेच्या पाण्यातले क्षार किंवा फ्लोराइड मात्र तसेच राहते. हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांचे पाण्याचे माप डॉक्टरांनीच ठरवावे. जुलाब-उलट्या सुरू झाल्यास लघवीची गोळी चालू ठेवावी का, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे, आणि सात-आठ तास लघवीच झाली नसेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.