गंडमाळ, कांचनार आणि सुईची तपासणी

पायाची जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ उठते. तिला अवधाण म्हणतात. घसा धरला की तशीच गाठ जबड्याखाली हाताला लागते. या लसिकाग्रंथी. शरीरात त्या सुमारे 600 असतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे वाढल्या की त्या सुजतात आणि संसर्ग ओसरला की बहुधा दोन-चार आठवड्यांत आपोआप बसतात. गालगुंडात सुजते ती लाळग्रंथी. तोही विषाणूचा आजार साधारण आठ-दहा दिवसांत उतरतो. त्यामुळे लेपाने गाठ बसली असे सांगितले जाते, तेव्हा लेपाशिवायही ती बसली असती का, हे आधी विचारायला हवे.

सहाणेवर उगाळलेल्या आंबेहळदीच्या कोमट लेपाने ठणका कमी वाटतो, तो बराचसा उबेमुळे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो. बिब्ब्याचा चटका मात्र कधीच देऊ नये. त्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात आणि गाठ तशीच राहते.

आयुर्वेदात गंडमाळेवर, म्हणजे मानेत माळेसारख्या उठणाऱ्या गाठींवर, मान आहे कांचनार गुग्गुळाचा. शार्ङ्गधरसंहितेत तो सांगितला आहे. कांचनाराची साल, त्रिफळा, त्रिकटू, वायवर्णा, वेलची, दालचिनी, तमालपत्र यांचे चूर्ण आणि त्या सगळ्याच्या वजनाइतका गुग्गुळ, असा हा योग. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कांचनाराच्या अर्काने सूज कमी झालेली दिसते. पण प्राण्यात दिसलेला गुण माणसात उतरतोच असे नाही, आणि गंडमाळेच्या रुग्णांवर या गोळीची भक्कम तुलनात्मक चाचणी झालेली नाही. गुग्गुळाचाच दाखला घ्या. तो कोलेस्टेरॉल उतरवतो असा बोलबाला होता. 2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल उलट थोडे वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले.

भारतात मानेतल्या गंडमाळेमागे बऱ्याचदा क्षयरोग असतो. गाठी फारशा दुखत नाहीत, एकमेकींना चिकटतात, पुढे फुटून वाहतात. त्यातच बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरणारे वजन. दोन-तीन आठवड्यांत न बसणारी किंवा दगडासारखी कडक गाठ सुईने नमुना काढून तपासावी लागते, कारण ती कर्करोगाचीही असू शकते. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि सहसा 6 महिने घ्यावी लागतात. उपचार चालू असताना काहींची गाठ मध्येच मोठी होते. तेवढ्यावरून गोळ्या लागू पडत नाहीत असे ठरत नाही. अशा वेळी त्या बंद करून झाडपाल्याकडे वळू नये, डॉक्टरांना गाठ दाखवावी.