डॉनचा काटकोन

पाटबंधारे खात्यात माझी हयात कालव्यांची वळणं आखण्यात गेली, त्यामुळे कुठल्याही नकाशात माझी नजर आधी पाण्याकडे जाते. टोरांटोत लेकीकडे आलो तेव्हा डॉन नदीचा जुना नकाशा पाहिला. उत्तरेकडून आलेली नदी ओंटारिओ सरोवराच्या तोंडाशी पोचते आणि सरोवराला मिळायचं सोडून काटकोनात उजवीकडे वळते. कुठलीही नदी आपणहून असं करत नाही.

नदी तशी चिमुकली, जेमतेम 38 किलोमीटरची. शहराच्या उत्तरेला ओक रिजेस मोरेन ही हिमनद्यांनी मागे टाकलेल्या वाळू-खडीची लांबलचक रांग आहे. पावसाचं, बर्फाचं पाणी तिच्यात मुरतं आणि उतारावर झऱ्यांतून बाहेर येतं. तिथून पूर्व डॉन आणि पश्चिम डॉन निघतात. सरोवराच्या सातेक किलोमीटर अलीकडे त्यांचा संगम आहे. टेलर-मॅसी नावाचा ओढाही तिथंच मिळतो. पाणी एवढंसं, दरी मात्र भलीमोठी. नातवाच्या अंगात आजोबांचा कोट! ही दरी कोरली ती हिमयुगाच्या अखेरीच्या पाण्यानं.

त्याच दरीतून आज हमरस्ता आणि लोहमार्ग जातात. वरचं पाणलोट क्षेत्र छपरांनी आणि डांबरानं झाकलेलं, त्यामुळे जोराचा पाऊस थेट पात्रात येतो. 8 जुलै 2013 ला इथं आगगाडी पुरात अडकली आणि प्रवाशांना होड्यांतून काढावं लागलं. जुलै 2024 मध्ये हमरस्ता पुन्हा बुडाला.

काटकोन माणसांचा. 1880 च्या दशकात खालचं पात्र सरळ केलं, पुढं मुखाजवळची दलदल भराव टाकून बुजवली आणि नदीला किटिंग चॅनल नावाच्या कालव्यात वळवलं. वेग मोडला की पाणी गाळ टाकणारच. तो वर्षानुवर्षं उपसत राहावं लागलं.

अलीकडे शहरानं भरावाच्या जमिनीतून सुमारे किलोमीटरभर नवं, वळणावळणाचं पात्र खोदून नदीला दुसरं मुख दिलं. खोदकामात गाडलेल्या दलदलीची माती उघडी पडली, आणि शंभरेक वर्षं दबलेल्या बियांतून लव्हाळी आणि पाणकणीस उगवलं! माझ्यातला अभियंता मात्र सुखावला तो दुसऱ्याच गोष्टीनं. मुखाच्या वरच्या अंगाला गाळ उपसायची वेगळी जागा राखली आहे. गाळ येतच राहणार, हे आराखडा करणाऱ्यांनी गृहीत धरलंय.