इबिझाची संध्याकाळ कोणाची?

सान्त आन्तोनी (इबिझा, स्पेन) : जूनमध्ये या बेटावर सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. लगेच साडेनऊला सान्त आन्तोनीच्या बदनाम ‘वेस्ट एंड’ भागातल्या दुकानांना दारूविक्री थांबवावी लागते, ती सकाळी आठपर्यंत. बालेआरिक बेटांच्या सरकारने २०२० च्या जानेवारीत इथल्यासह मायोर्कातल्या मागालुफ आणि प्लाया दे पाल्मा या भागांसाठी कायदा केला. एकावर एक फुकट पेयांच्या जाहिराती, टोळक्याने एकामागून एक बार पालथे घालण्याच्या सहली, ठरावीक पैशांत हवी तेवढी दारू, हे सगळं त्याने बंद केलं. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ पॅकेजमधली दारूही दिवसाला सहा पेयांवर आणली : तीन दुपारच्या जेवणाबरोबर, तीन रात्रीच्या. २०२४ च्या मे महिन्यात कायदा आणखी कडक झाला आणि या भागांत रस्त्यावर पिणाऱ्याला ५०० ते १५०० युरो दंड ठरला. थोडक्यात, पर्यटकाच्या हातातली बाटली काढून घेण्याचं काम सरकारने बऱ्यापैकी केलं आहे. त्या माणसाने मग संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न मात्र अर्धाच सुटला आहे. इबिझात न पिणाऱ्याचा दिवस उत्तम जातो, अडचण रात्रीची आहे. ती रात्र त्याला खुली करणं बेटाच्याच हिताचं आहे, आणि त्यासाठी लागणारं बहुतेक सगळं बेटाकडे आधीपासून आहे, असं मला वाटतं.

आधी दिवसाबद्दल. जेमतेम ५७२ चौरस किलोमीटरच्या या बेटाला १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. सा कालेता इथे फिनिशियन वस्तीचे पायाचे दगड उघड्यावर पाहायला मिळतात. पुच देस मोलिन्सच्या टेकडीच्या पोटात फिनिशियन आणि प्युनिक काळातल्या सुमारे तीन हजार कबरी आहेत आणि त्यांतल्या काहींत उतरता येतं. इबिझा शहराच्या डोक्यावर दाल्त व्हिला ही तटबंदीची जुनी नगरी उभी आहे. तुर्की आरमार आणि चाच्यांच्या भीतीने सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाने जोव्हान्नी बात्तिस्ता काल्व्ही या इटालियन अभियंत्याकडून हा तट बांधायला घेतला. तोफांच्या माऱ्याला तोंड देणारे त्याचे कोनाकार बुरूज पाहताना सिंधुदुर्ग-विजयदुर्ग पाहिलेल्या मराठी माणसाला बांधणीतले फरक शोधावेसे वाटतील. बेटाच्या किनाऱ्यावर टेहळणीचे मनोरे आहेत आणि गावोगावची पांढरीशुभ्र चर्चही जाड भिंतींची, कारण हल्ला झाला की गाव तिथेच आसरा घेई. एवढा इतिहास इतक्या छोट्या जागेत, आणि बराचसा बसने गाठता येईल असा.

समुद्राची गोष्टही याच वारशाची आहे. इबिझाचं पाणी नितळ आहे याचं मोठं श्रेय पोसिडोनिया या समुद्री वनस्पतीला जातं. हे शेवाळ नव्हे. तिला मुळं, पानं, फुलं असतात. ती गाळ धरून ठेवते, पाण्याला प्राणवायू पुरवते आणि वाळू वाहून जाऊ देत नाही. इबिझा आणि शेजारचं फोर्मेन्तेरा बेट यांच्यामधल्या समुद्रात २००६ मध्ये संशोधकांना सुमारे ८ किलोमीटर पसरलेलं या वनस्पतीचं एकच सलग रोप सापडलं. त्याचं वय काही हजार नव्हे, लाखभर वर्षांपर्यंत असावं असा अंदाज आहे. बोटींचे नांगर ही कुरणं उपटून काढतात, म्हणून २०१८ पासून बालेआरिक बेटांत त्यांच्यावर नांगर टाकायला मनाई आहे. पाण्याचा चष्मा आणि श्वासाची नळी लावून किनाऱ्यालगत पोहणाऱ्याला हे सगळं डोळ्यांनी दिसतं. सान्त आन्तोनीच्या धक्क्यावरून छोट्या बोटी काला बासा आणि काला कोम्तेच्या पुळणींवर नेतात, कयाकने खडकांच्या कपारी धुंडाळता येतात, आणि काला दोर्तच्या पुळणीवरून समोर समुद्रातून सरळ सुमारे ४०० मीटर उठलेला एस व्हेद्राचा सुळका दिसतो. दक्षिणेला सेस सालिनेसची मिठागरं आहेत. फिनिशियनांच्या काळापासून इथे मीठ पिकतं, आजही पिकतं, आणि मिठागरांत फ्लेमिंगो उतरतात. उरण-पालघरची मिठागरं आणि ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी ठाऊक असलेल्या वाचकाला त्यात ओळखीचं काही नक्की सापडेल.

प्रवासी पुस्तिकांतल्या ‘दारूविना इबिझा’च्या याद्या बहुधा इथेच संपतात, आणि माझा आक्षेप त्याच जागी आहे. या याद्या न पिणाऱ्याला दिवसाचा पाहुणा समजतात. सूर्य मावळला की त्याने हॉटेलच्या खोलीत जावं, असं त्या न बोलता सुचवतात. विशीतला मुलगा मित्रांबरोबर इथे येतो तो दिवसा कबरी बघायला नव्हे, रात्री चार माणसांत मिसळायला. त्याला संध्याकाळी जाण्यासारखी जागा बारशिवाय दिसली नाही, तर तो बारमध्येच जाईल, मग साडेनऊचा नियम काहीही म्हणो. आग्रहाला बळी पडणारी माणसं बहुतेकदा दारूच्या ओढीने पीत नाहीत, एकटं पडण्याच्या भीतीने पितात.

म्हणून संध्याकाळकडे नीट पाहायला हवं. सान्त आन्तोनीचा सूर्यास्त ही या गावाची सर्वांत मोठी कमाई, आणि तो फुकट आहे. १९८० मध्ये इथल्या खडकाळ किनाऱ्यावर ‘काफे देल मार’ सुरू झालं. होसे पादिया हा डीजे सूर्य बुडताना तिथे संथ संगीत लावू लागला आणि १९९४ पासून निघालेल्या त्या नावाच्या ध्वनिमुद्रिकांनी हा किनारा जगभर पोहोचवला. आजही शेकडो माणसं काहीही विकत न घेता बाहेरच्या खडकांवर बसून तेच संगीत ऐकतात. उत्तरेला बेनिर्रासच्या पुळणीवर रविवारी मावळतीला ढोल वाजतात. सान्त कार्लेसजवळच्या ‘लास दालियास’मध्ये उन्हाळ्यात रात्रीचा बाजार भरतो. दाल्त व्हिलाच्या वेशीला रात्री कुलूप लागत नाही. अकरा वाजता तटावर चढून बंदर पाहायला कोणी पैसे मागत नाही. गावच्या जत्रांत ‘बाय पाजेस’ हा जुना नाच होतो : पुरुष उंच उड्या घेतो, बाई छोट्या पावलांनी वर्तुळं काढते, साथीला ढोलकं, बासरी आणि तळहातात मावणार नाहीत एवढ्या मोठ्या लाकडी चिपळ्या. २३ जूनच्या रात्री सान्त जोआनच्या होळ्या पेटतात. ८ ऑगस्टला, १२३५ च्या कातालान विजयाच्या स्मरणदिनी, इबिझा शहरात संध्याकाळी लोक कलिंगडं घेऊन जमतात, खातात आणि एकमेकांवर फेकतात. रात्री आतषबाजी होते. या सणांत वाइन नसते असं नाही. पण तिथे आजी, नातवंडं आणि तरुण एकाच चौकात असतात आणि कोणाच्या हातात काय आहे हे कोणी पाहत नाही. न पिणाऱ्याला सगळ्यांत सुखाचं वाटतं ते हेच. एक व्यवहारी सूचना तेवढी देतो : ‘फ्लाओ’ हा पुदिना घातलेला इथला चीजचा गोड पदार्थ जरूर खावा, पण त्याच्या पारीत बडीशेपेची दारू घालण्याची पद्धत आहे, म्हणून पूर्ण वर्ज्य असेल त्यांनी विचारून घ्यावं.

यावर पहिला आक्षेप येतो : नाचगाणं वगळून इबिझाला जायचंच कशाला? वगळा असं मी म्हणतच नाही. १९७३ मध्ये उघडलेलं ‘पाचा’ असो की १९७६ चं ‘अम्नेसिया’, या नाइटक्लबांचं मोल त्यांच्या संगीतात आहे. ऐंशीच्या दशकात अर्जेंटिनाहून आलेला डीजे आल्फ्रेदो ‘अम्नेसिया’त रॉक, सोल, हाउस असं सगळं मिसळून वाजवत असे. १९८७ मध्ये ते ऐकून गेलेल्या लंडनच्या काही तरुण डीजेंनी ब्रिटनचं नृत्यसंगीत बदलून टाकलं. त्या रात्री नशेविना होत्या असं म्हणणं खोटं ठरेल, तिथे दारूखेरीज नशेच्या गोळ्याही होत्या. पण टिकून राहिलं ते संगीत. आज ‘उशुआया’सारखे खुल्या आवारातले कार्यक्रम दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीच्या सुमाराला संपतात, आणि शुद्धीवर राहून नाचणाऱ्याला ते अधिक नीट ऐकू येतात. गोव्याशी इबिझाचं जुनं नातं आहे. हिवाळा हणजुणेला आणि उन्हाळा इथे काढणाऱ्या हिप्पींनी दोन्ही किनाऱ्यांवर बाजार आणि संगीत रुजवलं. आज दोन्ही ठिकाणी उघड्यावरच्या मद्यपानाला दंड आहे, म्हणजे दुखणंही सारखंच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बेटाचं पोट पर्यटनावर चालतं आणि बारचा गल्ला दारूवर. तो आटला तर वेटर, टॅक्सीवाला, सफाई कामगार यांनी काय खायचं? चिंता खरी आहे, पण हिशेब अर्धवट आहे. स्वस्त दारूचा नफा बारमालकाला मिळतो आणि रुग्णवाहिका, पोलीस, रस्त्यांची सफाई यांचा खर्च गावावर पडतो. हॉटेलच्या बाल्कनीतून तलावात उडी मारण्याच्या नादात या द्वीपसमूहात जवळजवळ दर उन्हाळ्यात तरुण जीव गमावतात किंवा जायबंदी होतात. त्याची भरपाई कुठल्या गल्ल्यातून होणार? शिवाय गिऱ्हाईकही बदलतं आहे. सान्त आन्तोनीला सर्वाधिक पाहुणे पुरवणाऱ्या ब्रिटनमध्ये अजिबात न पिणाऱ्या तरुणांचं प्रमाण गेल्या दोन दशकांत वाढलं आहे. स्पेनमध्ये बिनअल्कोहोलची बिअर कोपऱ्यावरच्या साध्या बारमध्येही सहज मिळते, आणि इथला बार मुळात सकाळच्या कॉफीपासून सगळ्यांसाठी उघडा असतो. बारने नुसता फलक बदलला तरी त्याचं बरंचसं उत्पन्न टिकेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो गरिबाच्या बाजूने आहे. दारू गेली की तिच्या जागी योगशिबिरं, महागडे स्पा आणि श्रीमंतांचे निवांत व्हिला येतात. घरभाडी आधीच इतकी चढली आहेत की हंगामी कामगार गाड्यांत आणि तंबूंत राहतात. २०२४ च्या मे महिन्यात याच कारणाने इबिझात लोक रस्त्यावर उतरले. हे टाळायचं तर दारूविरहित करमणूक विकायची वस्तू होता कामा नये, ती सार्वजनिक राहिली पाहिजे. वर सांगितलेल्या गोष्टींपैकी खडक, तट, ढोल आणि जत्रा यांना तिकीट नाही. नगरपालिकांनी त्यात थोडीच भर घालायची आहे. उन्हाळ्यात संग्रहालयं रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवावीत. रात्रीची ‘डिस्कोबस’ आज क्लबांच्या दारापर्यंत नेते, तशीच ती जत्रेच्या गावांपर्यंत न्यावी. चौकात बसायला बाक आणि प्यायला पाणी असावं. २०२२ च्या स्पॅनिश कायद्यानुसार उपाहारगृहांनी गिऱ्हाइकाला नळाचं पाणी फुकट द्यायचं असतं. इबिझाचं पाणी मचूळ असल्याने तो नियम इथे कागदावर राहू नये यासाठी वेगळे प्रयत्न लागतील.

हे कोणाच्या पेल्यावर पहारा ठेवणं नाही. मर्यादेत पिणाऱ्याचं स्वातंत्र्य मला मान्य आहे. न पिणाऱ्यालाही संध्याकाळी घराबाहेर राहण्याचं तेवढंच स्वातंत्र्य असावं, मग तो धर्मामुळे पीत नसेल, औषधांमुळे, व्यसनातून बाहेर पडल्यामुळे की नुसतं आवडत नाही म्हणून. कायदा एकाचा हात धरू शकतो, दुसऱ्याला जागा देणं हे गावाचं काम आहे. म्हणून या कायद्याचं यश दंडाच्या पावत्यांवरून मोजू नये. ऑगस्टमधल्या रात्री अकरा वाजता सान्त आन्तोनीतली किती कुटुंबं मुलांना घेऊन आपल्याच गावच्या रस्त्यांवर हिंडतात, यावरून ते मोजावं. ज्या रस्त्यावर ती निर्धास्त फिरतील, तिथे न पिणारा पाहुणाही आपोआप सामावला जाईल.