काही नाही, फक्त सही पाहिजे

विद्यार्थी कल्याण कक्षात गेलं वर्षभर मी सहायक म्हणून बसले. तिथे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘काही नाही, फक्त सही पाहिजे.’ बोनाफाईड असो, स्कॉलरशिपचा फॉर्म असो की कमी हजेरीचा अर्ज, कागद कुठलाही असला तरी वाक्य तेच. सुरुवातीला मी त्यावर सरळ विश्वास ठेवायचे. कागद घ्यायचा, फादरांची सही आणायची, शिक्का मारायचा, पुढचा बोलवायचा. काम झपाझप उरकायचं आणि मला वाटायचं, आपण फार उपयोगी पडतोय. या कक्षाचं खरं काम काय, ते मला माझ्याच एका चुकीमुळे कळलं.

सेमिस्टर संपत आलं होतं. खानापूरकडचा एक मुलगा आला. एका विषयात त्याची हजेरी कमी पडत होती. नियम ७५ टक्क्यांचा, म्हणजे ६० तासांपैकी ४५ भरायला हवेत. त्याचे भरले होते ३९. सहा तासांसाठी परीक्षा हुकणार होती. अर्ज इंग्लिशमध्ये द्यायचा होता.

“अक्का, इंग्लिशमध्ये काय लिहायचं कळंना झालंय. तुम्हीच लिहा की,” तो म्हणाला.

मी पडले साहित्याची विद्यार्थिनी. दहा मिनिटांत झकास अर्ज लिहून दिला. ‘अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे’ या अर्थाचं एक भारदस्त वाक्य टाकलं, शेवटी नम्र विनंती. त्याने न वाचताच सही केली. चार दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता : कारण स्पष्ट नाही.

तो पुन्हा दारात उभा राहिला, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा विचारलं, “नेमके कुठले तास चुकले?”

चुकलेले सगळे तास सकाळचे पहिले होते. त्याच्या गावाहून येणारी बस वेळेवर मिळाली तर तो आठच्या आत पोचायचा. पण बस आधीच भरून आली की त्याच्या थांब्यावर थांबायचीच नाही, आणि पुढच्या बसने येईपर्यंत तास अर्धा संपलेला असायचा. हा विषय आठवड्यातून तीनदा पहिल्याच तासाला होता. बाकीच्या विषयांत त्याची हजेरी चांगली होती. कौटुंबिक कारण वगैरे काही नव्हतंच, ते मी बनवलं होतं. त्याला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

दुसरा अर्ज आम्ही आधी मराठीत लिहिला, तो जसा बोलला तसा. मग त्याचं इंग्लिश केलं : तारखा, बसची वेळ, चुकलेले तास. सरांनी हजेरीपुस्तकाशी ताडून पाहिलं. जादा असाइनमेंट देऊन त्याला परीक्षेला बसू दिलं. त्याच बसने येणारे आणखी चौघे निघाले, आणि पुढच्या सेमिस्टरला तीनपैकी दोन तास दुसऱ्या वेळेला गेले. पहिल्याच दिवशी मी एक प्रश्न विचारला असता तर त्या पोराचे ते चार दिवस धास्तीत गेले नसते.

तेव्हापासून मी कक्षाचं काम तीन भागांत समजते : ऐकून घेणं, योग्य दार दाखवणं आणि त्या दारामागे काय झालं ते विचारत राहणं. कक्ष स्वतः फार थोडं ठरवतो. म्हणून कुठलं दार कशासाठी, हे आपल्यालाही माहीत हवं.

फी, अडवून ठेवलेली मूळ कागदपत्रं, रखडलेली स्कॉलरशिप, लांबलेला निकाल, भेदभाव अशा गोष्टी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जातात. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे तिथे विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून असतो. तक्रार मिळाल्यापासून समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर पुढे विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. म्हणून तक्रार तोंडी ठेवू नका. लेखी द्या आणि पोच घ्या. तारीखच नसेल तर दिवस मोजणार कुठून?

रॅगिंगसाठी २००९ पासून वेगळे नियम आहेत. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते, आणि ती साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. मन फारच खचलं असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच नियमात सापडत नाही. “अक्का, कुणाला सांगू नका हं,” असं म्हणून कुणी बोलायला लागलं की काय करायचं? पूर्वी मी लगेच “नाही सांगणार” म्हणायचे. आता आधीच सांगते, “तुझी गोष्ट कँटीनमध्ये जाणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.” हे ऐकून एकजण उठून गेली होती. मला वाटलं, घालवलं आपण. दोन दिवसांनी तीच परत आली आणि म्हणाली, “आता सांगते.” पुढे समुपदेशक बाईंच्या खोलीपर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. माझं काम तेवढंच होतं.

आपल्या बेळगावात घरी मराठी किंवा कोकणी, बसच्या पाटीवर कन्नड आणि अर्जात इंग्लिश. या तीन भाषांमधून जाताना खरी अडचण वाटेत सांडते. म्हणून अर्ज लिहायच्या आधी घरच्या भाषेत पाच ओळी लिहा : काय झालं, कधी झालं, किती वेळा झालं, आत्तापर्यंत कुणाला सांगितलं, आणि नेमकं काय हवंय. तो कागद कक्षात घेऊन या. इंग्लिश आपण बसून करू.

आणि काउंटरवर बसलेल्या अक्काने किंवा दादाने सही देताना “आणखी काही?” असं विचारलं, तर लगेच ‘काही नाही’ म्हणू नका. क्षणभर थांबा. खरंच काही नसेल, तर सही आहेच.