मेलची कोठी भरते तेव्हा
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



केदारखेडा गटात लागणीच्या नोंदी घेत असताना एका सभासदाने विचारले, "साहेब, सातबारा अन् पासबुकाचा फोटो मेलने धाडला, तो तुम्हाला पोचलाच नाही. मेलची गाडी बी रस्त्यात रुतती का काय?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नोंदीची तारीख चुकली की तोडीचा क्रम चुकतो, आणि पूर्णाकाठी एप्रिलच्या उन्हात उभा राहिलेला ऊस वजनाला कसा बसतो हे आपणांस मी सांगायला नको.

सन २००८ च्या हंगामात मी दुसऱ्या एका कारखान्यात शेतकी मदतनीस होतो. तेथील मेलच्या संगणकाने आम्हाला चांगलेच छळले. सकाळी कार्यालय उघडावे तो मेल बंद. ऑपरेटरने पुन्हा चालू केला की दिवसभर ठीक चाले आणि एक-दोन दिवसांनी पहाटे परत बंद. त्या काळी भारनियमन जोरात होते, म्हणून सगळा दोष विजेवर गेला. बॅटऱ्या बदलल्या, वायरमन येऊन गेला. उपयोग शून्य.

खरे कारण संगणकाच्या स्वतःच्या नोंदवहीत स्पष्ट लिहिलेले होते. ती उघडून बघायचे मात्र आमच्यापैकी कोणाला सुचले नाही!

झाले होते असे. तेथे मायक्रोसॉफ्टची 'एक्स्चेंज २००३' ही प्रणाली होती. सर्व कर्मचाऱ्यांची पत्रे ती एकाच मोठ्या कोठीत साठवते, तिला डेटाबेस म्हणतात. साध्या आवृत्तीत या कोठीला आधी १६ जीबीची मर्यादा होती. २००५ साली दुसरी सुधारणा आली, तेव्हापासून ती १८ जीबी धरली जाई आणि सेटिंग बदलून ७५ जीबीपर्यंत वाढवता येई. प्रणाली दिवसातून एकदा, पहाटे ५ वाजता, कोठी मोजते. मर्यादा ओलांडलेली दिसली की आधी इशारा लिहून ठेवते आणि पुढच्या मोजणीलाही तेच दिसले तर कोठीला कुलूप लावते. चालू केल्यावर दिवसभर का चालत होते, त्याचा उलगडा यातून झाला.

कुलूप असताना आलेली पत्रे दाराशी रांगेत थांबतात. साधारण दोन दिवसांत दार उघडले नाही तर ती पाठवणाऱ्याकडे परत जातात. नोंदी हरवतात त्या येथे.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा. प्रथम डिस्कवर मोकळी जागा आहे का ते पाहायचे, मग मर्यादा थोडी वाढवून काम सुरू करायचे, आणि नंतर साफसफाई. नुसती मर्यादा वाढवून स्वस्थ बसणे म्हणजे चारी साफ न करता पाणी वाढवणे. साफसफाईतही एक गोम आहे. पत्र पुसले की जागा लगेच सुटत नाही. आधी ते कचरापेटीत जाते, तेथून काढले तरी प्रणाली ते काही दिवस राखून ठेवते, आणि त्यानंतर रात्रीच्या देखभालीत जागा मोकळी होते. तरीही फाईलचा आकार तेवढाच दिसतो. साखरेची पोती बाहेर गेली म्हणून गोदाम लहान होत नाही, तसेच हे. सुधारित प्रणाली मोजताना आतली रिकामी जागा वजा करते, त्यामुळे फाईल आवळण्याची घाई नको. आवळायचीच झाली तर कोठीच्या आकाराच्या १.१ पट मोकळी जागा लागते आणि कित्येक तास मेल बंद ठेवावा लागतो. गळीत चालू असताना हे करूच नये.

एक्स्चेंज २००३ चा कंपनीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला. नव्या आवृत्त्यांच्या मर्यादा पुष्कळ मोठ्या आहेत. परंतु कोठी मोठी झाली म्हणून भरायची राहत नाही, आणि आता ती आपल्या खिशातही आहे. जीमेलला फुकट मिळणारी जागा १५ जीबी, आणि त्यात मेल, ड्राइव्ह व फोनमधून आपोआप चढणारे फोटो सगळे मिळून धरतात. पोरांच्या लग्नाचे व्हिडिओ त्यात चढले की जागा संपते आणि नवे पत्र येणे बंद होते. वरील सभासदाचे तेच झाले होते. त्यांच्या कागदात गट नंबर दिसत नव्हता म्हणून कार्यालयाने उलट पत्र पाठवले, पण ते पेटी भरलेली म्हणून परत आले. त्यांना वाटले आम्ही गप्प, आम्हाला वाटले ते गप्प.

तेव्हा मोठे व्हिडिओ व जोडपत्रे आधी काढावीत आणि कचरापेटीही रिकामी करावी, कारण तेथील मालही ३० दिवस जागा अडवतो. सातबाऱ्याचे पाच फोटो पाठवण्याऐवजी एकच पीडीएफ पाठवावी आणि विषयात सभासद क्रमांक व गट नंबर लिहावा. दोन दिवसांत पोच आली नाही तर वाट पाहत बसू नका. गटाच्या शेती मदतनीसाला गाठा आणि नोंदीची सही-शिक्क्याची पावती हातात घ्या. ती पावती तोडीची टोळी फडात येईपर्यंत जपून ठेवावी.