उणे ६० चे १९६
(कर्नलच्या पोटात : भाग ७)

मागच्या आठवड्यात मॉड्यूल पाहिलं : चालत्या कर्नलला मागाहून जोडता येणारा तुकडा. आज असाच एक तुकडा इंटेलच्या लॅपटॉपवरून ६४ बिटी रास्पबेरी पायवर न्यायचा आहे. तयार फाइल नुसती कॉपी केली, तर पाय 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून हात झटकतो. फाइलच्या ईएलएफ हेडरमध्येच प्रोसेसरचा क्रमांक असतो. एक्स८६-६४ चा ६२, ६४ बिटी आर्मचा १८३. तिथेच विषय संपतो.

म्हणजे सोर्स हवा. माझ्याकडे होता एका यूएसबी वायफाय डोंगलचा ड्रायव्हर. कंपनीने झिप करून कधीतरी दिलेला आणि मग विसरलेला. तो लॅपटॉपवरच आर्मसाठी बांधायचा, म्हणजे क्रॉस कंपाइल करायचा. बांधणी करणाऱ्या 'मेक' या प्रोग्रॅमला दोन गोष्टी सांगायच्या : आर्च म्हणजे 'आर्म६४' आणि कंपायलरच्या नावाचा पुढचा भाग, 'एआर्च६४-लिनक्स-ग्नू-'. शेवटची आडवी रेघ विसरलात, तर मेक 'ग्नूजीसीसी' अशा जोडनावाचा कंपायलर शोधत बसतो.

एवढं करूनही पहिलं मॉड्यूल पायने परत पाठवलं. दोष मेकफाइलचा होता. तिच्यात कर्नलचा पत्ता 'युनेम' कमांडला विचारून घेतला होता. युनेम बिचारी ज्या यंत्रावर चालते त्याचीच माहिती देते, म्हणून तिने लॅपटॉपच्या कर्नलचा पत्ता दिला. तिथे पायवरच्या कर्नलचा सोर्स लागतो, त्याच्याच कॉन्फिगसकट. मॉड्यूलमध्ये आवृत्तीचा एक शिक्का असतो, व्हर्मॅजिक. चालत्या कर्नलच्या शिक्क्याशी तो जुळला नाही, तर पुन्हा नकार.

पत्ता बदलला, आणि आता कंपायलरच ओरडू लागला. ड्रायव्हर 'सेटअप टायमर' मागत होता, आणि ते फंक्शन कर्नलने ४.१५ मध्ये, २०१८ च्या जानेवारीत, काढून टाकलं. कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द पाळतो, पोटातल्या फंक्शनांबद्दल मात्र कसलीच हमी देत नाही. कर्नलच्या सोर्सच्या झाडाबाहेर राहणाऱ्या ड्रायव्हरने आपलं आपण बघायचं.

नशिबाने कोणीतरी पॅच, म्हणजे सोर्समधल्या बदलांची फाइल, करून ठेवला होता. तो लावणारा पॅच याच नावाचा प्रोग्रॅम लॅरी वॉलने १९८५ मध्ये लिहिला, आणि मला तो आपल्याकडच्या पत्त्यांसारखा वाटतो. ओळीच्या क्रमांकावर त्याची भिस्त कमी. 'मारुतीच्या देवळामागे, गिरणीच्या शेजारी' तसं तो वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळींवरून जागा ओळखतो. गिरणीच हलली असेल, तर पॅचचा तेवढा तुकडा नाकारलेल्यांच्या 'रेज' फाइलमध्ये टाकून मोकळा होतो. माझे दोन तुकडे असे पडले. ते हाताने बसवले.

मॉड्यूल चढलं, वायफाय लागलं. खरी गंमत पुढे. राउटरशेजारी सगळं सुरळीत. पाय गॅलरीत नेला की कनेक्शन मरायचं, आणि दुसरा राउटर जवळ असूनही ड्रायव्हर तो शोधायचाच नाही. सिग्नलची ताकद उणे आकड्यात मोजतात, उणे ६० म्हणजे बरा सिग्नल. ड्रायव्हरने तो आकडा साध्या 'कॅर'मध्ये ठेवला होता. कॅरला चिन्ह असावं की नाही, हे सी भाषेने कंपायलरवर सोडलं आहे. एक्स८६ वर असतं. आर्मवर नसतं, कारण सुरुवातीच्या आर्ममध्ये मेमरीतून चिन्हासकट बाइट उचलणारी सूचनाच नव्हती. बिनचिन्हाचा बाइट स्वस्त पडायचा. त्यामुळे पायवर उणे ६० चे झाले १९६, उणे ८५ चे १७१. 'सिग्नल उणे ८० पेक्षा कमी झाला का?' या प्रश्नाला उत्तर कायम 'नाही', म्हणून दुसऱ्या राउटरचा शोधच नाही. कंपायलरने ब्रही काढला नाही.

दुरुस्ती एका शब्दाची : कॅरच्या जागी 'एस८', म्हणजे चिन्ह असलेले आठ बिट. शोधायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या, आणि पहिली तर मी अँटेना वाकवण्यातच घालवली.

कर्नलने हा वाद आता मिटवला आहे. ६.२ पासून, म्हणजे २०२३ च्या फेब्रुवारीपासून, कुठल्याही प्रोसेसरवर बांधा, साध्या कॅरला चिन्ह नाही. त्यामुळे कंपनीची ती जुनी झिप आज नव्या कर्नलसाठी कशीबशी बांधलीच, तर तिचा सिग्नल लॅपटॉपवरही १९६ दाखवेल.